सीयूईटीचा इंग्रजी पेपर: मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर दिल्ली, बनारस, हैदराबाद अशा ठिकाणच्या केंद्रीय विद्यापीठांत पदवीला जायचं, तर बहुतेक अभ्यासक्रमांसाठी सीयूईटी, म्हणजे विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. 2022 पासून ही परीक्षा नॅशनल टेस्टिंग एजन्सी, म्हणजे एनटीए घेते. गणित, इतिहास, अर्थशास्त्र यांची तयारी आपली मुलं नेटाने करतात आणि इंग्रजीचा विषय निघाला की आवाज खाली येतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गात येणारी बहुतेक मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली आहेत. दर वर्षी त्यांचे तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. इंग्रजी फाडफाड बोलता येण्याचा या पेपरशी काही संबंध नाही. समोरचा मजकूर नीट वाचणाऱ्याला हा पेपर जमतो, आणि नीट वाचणं मराठी शाळेतही शिकता येतं.

पेपरचं स्वरूप कसं असतं?

2025 पासूनचं स्वरूप असं: 50 प्रश्न, सगळे अनिवार्य, वेळ 60 मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकलं तर 1 वजा, सोडून दिलं तर शून्य. म्हणजे एकूण 250 गुण. पेपर संगणकावर असतो आणि इंग्रजीचा विषय क्रमांक 101 आहे.

त्याआधी, म्हणजे 2022 ते 2024 या काळात, 50 पैकी 40 प्रश्न निवडून सोडवायचे असत आणि वेळ 45 मिनिटं असे. जुने पेपर सरावाला घ्याल तेव्हा हे ध्यानात ठेवा, नाहीतर वेळेचा अंदाज चुकेल. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. मित्राने सांगितलेलं गेल्या वर्षीचं असू शकतं.

प्रश्न येतात ते साधारण असे: माहितीपर, कथनात्मक आणि साहित्यिक उतारे व त्यांवरचे प्रश्न, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, रिकाम्या जागी योग्य शब्द, वाक्याच्या तुकड्यांचा किंवा परिच्छेदातल्या वाक्यांचा क्रम लावणे, जोड्या लावणे, वाक्प्रचार, शब्दसमूहाबद्दल एक शब्द.

बोर्डात इंग्रजीला चांगले गुण पडतात. मग इथे का अडतं?

बोर्डाच्या कृतिपत्रिकेतले बहुतेक उतारे आणि कविता आपण वर्षभर वर्गात वाचलेल्या असतात. कृती कोणत्या येणार, हेही ठाऊक असतं. पत्र, वृत्तान्त यांचे साचे पाठ करून गेलं तरी गुण हाताला लागतात. सीयूईटीत सगळे उतारे अपठित असतात आणि लिहायचं काहीच नसतं, फक्त निवडायचं असतं. निवडताना साचा उपयोगी पडत नाही. पण बोर्डासाठी केलेला व्याकरणाचा अभ्यास वाया जात नाही. 'नो सूनर' आलं की पुढे 'दॅन' येणार, हे तुम्ही आधीच घोटलेलं असतं.

भाषेचा पेपर म्हणून इंग्रजी घेऊ की मराठी?

सीयूईटीत 13 भाषांमधून निवडता येतं आणि मराठी त्यांत आहे. अनेक अभ्यासक्रमांना 'कोणतीही एक भाषा' चालते. तिथे मराठी घ्यायला अजिबात संकोच करू नका. मराठीत 220 मिळणार असतील आणि इंग्रजीत 170, तर इंग्रजीचा हट्ट कशासाठी? मात्र ज्या अभ्यासक्रमासाठी विद्यापीठाने इंग्रजीच मागितली आहे, तिथे पर्याय नाही. दिल्ली विद्यापीठात इंग्रजी ऑनर्सला जायचं तर इंग्रजीचा पेपर द्यावाच लागतो. हव्या असलेल्या विद्यापीठांची आणि अभ्यासक्रमांची यादी आधी करा, प्रत्येकासमोर त्यांनी मागितलेले विषय लिहा, आणि मगच फॉर्ममध्ये भाषा निवडा. हे काम एका संध्याकाळचं आहे. ते न केल्यामुळे वर्ष गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

आधी उतारा वाचायचा की प्रश्न?

माहितीपर उतारा असेल तर आधी प्रश्न नुसते नजरेखालून घाला, पर्याय वाचू नका. काय शोधायचं आहे ते कळतं. पर्याय वाचले की चारांतली तीन चुकीची विधानं डोक्यात बसतात आणि उतारा वाचताना तीच दिसायला लागतात. साहित्यिक उतारा किंवा कविता असेल तर सरळ मजकुरापासून सुरुवात करा. तिथले प्रश्न भाव, सूर, सूचितार्थ यांवर असतात आणि ते तुकड्यातुकड्याने वाचून हाती लागत नाहीत.

वाचताना प्रत्येक वाक्य मनात मराठीत आणते. वेळ पुरत नाही. काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो मुळापासून समजून घ्यायला हवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य संपेपर्यंत थांबायची आपल्याला सवय असते. इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग क्रियापद येतं आणि बाकीचा पसारा त्यानंतर मांडला जातो. लांब इंग्रजी वाक्याचं शब्दशः मराठी करायला गेलं, की शेवटापर्यंत जाऊन परत मागे यावं लागतं. एकच वाक्य दोनदा वाचलं जातं, तेही अर्धवट.

म्हणून वाक्य लांब असलं की आधी दोनच गोष्टी शोधा: कर्ता कोण आणि मुख्य क्रियापद कोणतं. 'हू', 'विच', 'दॅट' यांनी सुरू होणारे मधले तुकडे पहिल्या वाचनात बाजूला ठेवा. सांगाडा कळला की तुकडे आपोआप जागेवर बसतात.

मराठी मुळीच नको, असं मात्र माझं म्हणणं नाही. ती वाक्याला न लावता परिच्छेदाला लावा. एक परिच्छेद वाचून झाला की कच्च्या कागदावर चार शब्द मराठीत लिहा: 'धरणाचे फायदे', 'विस्थापितांची बाजू', 'लेखकाला दोन्ही पटतं'. उताऱ्याचा नकाशा तयार होतो, आणि कोणता प्रश्न कुठल्या परिच्छेदातून आला आहे ते लगेच सापडतं. मराठी डोक्यातून हाकलायची खटपट करणाऱ्यांपेक्षा तिला अशी कामाला लावणारी मुलं पुढे जातात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

दोन पर्याय गाळता येतात, उरलेले दोन्ही बरोबर वाटतात. मग?

इथेच पेपरचा निकाल लागतो. एक उदाहरण मुद्दाम मराठीत देते, म्हणजे भाषेची अडचण मधे येणार नाही.

समजा उताऱ्यात असं आहे: 'तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी ठिबक सिंचन बसवल्यावर त्यांचा पाण्याचा वापर कमी झाला. उत्पन्न वाढलं का, हे सांगायला मात्र आणखी दोन हंगाम जावे लागतील.' प्रश्न आहे, या उताऱ्यावरून काय म्हणता येईल? पर्याय: एक, ठिबकमुळे शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढतं. दोन, सर्व शेतकऱ्यांनी ठिबक बसवायला हवं. तीन, काही शेतकऱ्यांचा पाणीवापर घटला, उत्पन्नाबद्दल अजून निष्कर्ष काढता येत नाही. चार, ठिबक सिंचन बसवायला खर्च येतो.

वर्गात चौथा पर्याय निवडणारे हात बरेच वर जातात. कारण ते खरं आहे. घरी ठिबक बसवलेलं असतं, खर्च माहीत असतो. पण उताऱ्यात खर्चाचा शब्द नाही. पहिला पर्याय निवडणाऱ्याने उताऱ्यात 'उत्पन्न' हा शब्द पाहिला आणि 'मात्र'कडे दुर्लक्ष केलं. दुसऱ्यात 'काही'चे 'सर्व' झाले आणि माहितीचा सल्ला झाला. तिसरा पर्याय मिळमिळीत वाटतो म्हणून मुलं टाळतात. बरोबर उत्तर बहुतेक वेळा असंच सावध आणि मोजकं बोलणारं असतं.

तेव्हा शेवटच्या दोन पर्यायांवर अडलात की 'कोणता बरोबर?' असं विचारू नका. 'याला आधार देणारी ओळ कुठे आहे?' असं विचारा आणि ती ओळ बोटाने दाखवा. दाखवता आली नाही तर तो पर्याय सोडा, मग तो तुम्हाला कितीही पटो. 'ऑलवेज', 'नेव्हर', 'ओन्ली', 'ऑल' असे टोकाचे शब्द पर्यायात आले की उताऱ्यातही तितकाच टोकाचा शब्द आहे का ते बघा. 'हाउएव्हर', 'बट', 'येट' यांच्या पुढचं वाक्य दोनदा वाचा, कारण लेखकाचं खरं मत पुष्कळदा तिथेच असतं. आणि प्रश्नातच 'नॉट' किंवा 'एक्सेप्ट' असेल तर तो शब्द कागदावर लिहून त्याभोवती गोल करा. घाईत तो डोळ्यांतून निसटतो आणि उत्तर नेमकं उलटं जातं.

लेखकाचा सूर विचारतात, तो कसा ओळखायचा?

आधी फक्त तीन कप्पे करा: बाजूने, विरोधात, तटस्थ. एवढ्याने दोन पर्याय गळतात. मग तीव्रता बघा. नाराज लेखक आणि संतापलेला लेखक यांत फरक आहे. पर्यायांत येणारे 'नॉस्टॅल्जिक', 'सार्कॅस्टिक', 'स्केप्टिकल', 'इंडिफरंट', 'ऑब्जेक्टिव्ह' असे वीसपंचवीस शब्द अर्थासह एकदा पक्के करून टाका. तेच पुन्हा पुन्हा येतात.

शब्दसंपत्ती वाढवायला शब्दकोश पाठ करू का?

नको. रोज पन्नास शब्दांची यादी पाठ करणाऱ्या मुलांना आठवड्याने पाचही आठवत नाहीत. शब्द वाक्यासकट लिहा आणि त्याच्या घराण्यासकट लिहा. 'बेने' म्हणजे चांगलं आणि 'मॅल' म्हणजे वाईट, हे कळलं की बेनिफिट, बेनेव्होलंट, बेनिफॅक्टर एका बाजूला आणि मॅलिस, मॅलेव्होलंट, मॅलन्यूट्रिशन दुसऱ्या बाजूला उभे राहतात. आपल्याकडे 'सु' आणि 'दुर्' या उपसर्गांनी सुगंध-दुर्गंध, सुदैव-दुर्दैव होतात, तसंच हे. 'फिल' म्हणजे प्रेम, 'ॲन्थ्रोप' म्हणजे माणूस, 'ऑम्नी' म्हणजे सर्व, 'क्रोनो' म्हणजे काळ. असे तीसेक धातू आणि उपसर्ग शेकडो शब्दांची दारं उघडतात.

अर्थ अजिबात माहीत नसेल तर शब्दाचा रंग बघा. वाक्यात त्या माणसाची स्तुती चालली आहे की निंदा? स्तुती असेल तर निंदेचे पर्याय काढून टाका.

रोज वापरतो ते इंग्रजी शब्दसुद्धा उताऱ्यात चुकतात. असं का?

कारण ते शब्द आता मराठीत राहायला आले आहेत आणि येताना एकच अर्थ घेऊन आले आहेत. उताऱ्यातल्या शब्दाचा संदर्भाने अर्थ विचारतात तेव्हा परीक्षकाला नेमका दुसरा अर्थ हवा असतो.

आपण दवाखान्यात 'ॲडमिट' होतो. उताऱ्यातला मंत्री चूक 'ॲडमिट' करतो, म्हणजे कबूल करतो. 'ॲड्रेस' आपल्याला पत्ता म्हणून माहीत, पण सरकार एखादा प्रश्न 'ॲड्रेस' करतं, म्हणजे तो हाती घेऊन सोडवायला बघतं. पेशंट 'क्रिटिकल' असतो. 'क्रिटिकल थिंकिंग'मधला क्रिटिकल चिकित्सक असतो, आणि 'क्रिटिकल' निर्णय म्हणजे कळीचा निर्णय. बँकेत कर्ज 'सँक्शन' होतं, म्हणजे मंजुरी. पण एका देशाने दुसऱ्यावर 'सँक्शन्स' लादली म्हणजे निर्बंध घातले, जवळजवळ उलटा अर्थ. 'ॲप्रिशिएट' म्हणजे कौतुक करणं एवढंच आपण धरून चालतो. जमिनीची किंमत 'ॲप्रिशिएट' होते तेव्हा ती वाढलेली असते, आणि एखाद्या अडचणीचं गांभीर्य 'ॲप्रिशिएट' करणं म्हणजे ते पुरतं ओळखणं. 'नॉव्हेल' कादंबरी असते, तशी 'नॉव्हेल' कल्पना म्हणजे अगदी नवी कल्पना. आणि गाडीच्या 'ॲव्हरेज'शी 'ॲन ॲव्हरेज स्टुडंट'चा संबंध नाही, तो साधारण विद्यार्थी असतो.

एक वेगळी वही करा. घरात, बाजारात, बातम्यांत कानावर पडणारे असे इंग्रजी शब्द त्यात लिहा आणि प्रत्येकाचे उरलेले अर्थ शब्दकोशात शोधून समोर मांडा. नव्या शब्दांच्या यादीपेक्षा या वहीने जास्त गुण मिळतील, असं मी खात्रीने सांगते.

व्याकरणात मराठी मुलं नेमकी कुठे चुकतात?

आपल्या चुका ठरलेल्या आहेत, आणि ही चांगली बातमी आहे. बहुतेक चुका मराठीची सवय इंग्रजीत नेल्याने होतात.

विभक्तीपासून सुरुवात करू. 'विषयाबद्दल चर्चा केली' म्हणून आपण 'डिस्कस अबाऊट' म्हणतो. 'पुण्याला पोहोचलो' म्हणून 'रीच्ड टू पुणे', 'खोलीत शिरलो' म्हणून 'एंटर्ड इन द रूम', 'तिच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरीड विथ हर'. मराठीतला 'ला', 'त', 'शी', 'बद्दल' आपल्याला स्वस्थ बसू देत नाही. डिस्कस, रीच, मॅरी या क्रियापदांना मधे काहीच लागत नाही, आणि खोलीत शिरायच्या 'एंटर'लाही नाही. पर्यायांत एक जागा शब्दयोगी अव्ययाशिवाय मोकळी ठेवलेली दिसली, तर ती आधी तपासा.

'पासून' हा दुसरा सापळा. '2020 पासून' आणि 'दोन वर्षांपासून', मराठीत दोन्हीकडे एकच शब्द. इंग्रजीत काळाचा आरंभबिंदू असेल तर 'सिन्स', कालावधी असेल तर 'फॉर'.

'जरी... तरी' ही आपली जोडी आहे, म्हणून 'ऑलदो' आला की पुढे 'बट' लिहायला हात शिवशिवतो. इंग्रजीत दोघांपैकी एकच. तसंच 'तो कुठे आहे मला माहीत नाही' याचं इंग्रजी करताना प्रश्नाचा क्रम तसाच ठेवला जातो. बरोबर वाक्य 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'. शेवटी 'इज', प्रश्नचिन्ह नाही.

क्रियापद कोणाप्रमाणे चालतं? मराठीत 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली' असं कर्माप्रमाणे बदलतं, त्यामुळे जवळच्या नामाकडे बघायची आपल्याला खोड आहे. इंग्रजीत कर्ता सोडून कोणाकडे बघायचं नाही. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज इज गुड': आंबे कितीही असोत, क्रियापद 'क्वालिटी'चं ऐकतं. 'वन ऑफ द बुक्स इज मिसिंग' यातही 'वन'चं. फक्त 'नायदर-नॉर' आणि 'आयदर-ऑर' यांत जवळच्या कर्त्याकडे बघायचं.

'अ' की 'ॲन'? आपल्याकडे यासाठी हुकमी उपाय आहे: पुढचा शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. ऑनेस्ट, अवर, एमएलए यांची सुरुवात स्वराने, म्हणून 'ॲन'. युनिव्हर्सिटी, युरोपियन यांची 'य'ने आणि वन-वेची 'व'ने, म्हणून 'अ'. इंग्रजी स्पेलिंग इथे फसवतं, देवनागरी उच्चार दाखवते. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही मी हेच शिकवते.

राहिले 'फर्निचर', 'इन्फॉर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'इक्विपमेंट'. यांना 'स' लावून अनेकवचन करू नका.

वाक्यांचा क्रम लावायला वेळ फार जातो. सोपी पद्धत?

पूर्ण क्रम शोधू नका. पहिलं वाक्य शोधा आणि एखादी न तुटणारी जोडी शोधा. तेवढ्यावर पर्यायांतून उत्तर मिळतं. हे बघा:

क) या आघातामुळे बेसॉल्ट खडकात एक मोठं विवर तयार झालं.
ख) बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर जगभरच्या अभ्यासकांना खुणावतं.
ग) या विवरात साठलेलं पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे.
घ) हे सरोवर उल्केच्या आघातातून निर्माण झालं, असं शास्त्रज्ञ मानतात.

'या आघातामुळे' म्हणजे आघाताचा उल्लेख आधी हवा, म्हणून घ-क ही जोडी. 'या विवरात' म्हणजे विवर आधी हवं, म्हणून क-ग. 'हे सरोवर' म्हणजे सरोवराचं नाव आधी आलेलं हवं, म्हणून आरंभ ख. उत्तर ख-घ-क-ग. उल्का, बेसॉल्ट, अल्कधर्मी यांचा अर्थ माहीत नसता तरी उत्तर आलं असतं, कारण सगळं काम 'या' आणि 'हे' यांनी केलं. इंग्रजीत हेच काम 'धिस', 'दीज', 'सच', 'ही', 'दे' आणि 'द' करतात. एखादी गोष्ट पहिल्यांदा येते तेव्हा 'अ लेक', पुढे 'द लेक'. 'देअरफोर', 'हाउएव्हर', 'मोअरओव्हर' यांनी सुरू होणारं वाक्य पहिलं नसतं.

कवितेवर किंवा साहित्यिक उताऱ्यावर अलंकार विचारतात. ते वेगळे शिकावे लागतील का?

नावंच तेवढी नवी. शाळेत मराठीच्या तासाला उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अनुप्रास, अतिशयोक्ती शिकलात ना? तेच अनुक्रमे सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, ॲलिटरेशन आणि हायपरबोली. उपमेत 'सारखा', 'प्रमाणे' असतं तसं सिमिलीत 'लाइक' किंवा 'ॲज' असतं. ऑक्सिमोरॉन तेवढा नवा: दोन विरोधी शब्द शेजारी, जसं 'ओपन सीक्रेट'.

वाक्प्रचार किती पाठ करायचे?

शंभर-दीडशे नेहमीचे पुरे. शब्दशः अर्थ देणारा पर्याय जवळजवळ नेहमी चुकीचा असतो. 'टू लेट द कॅट आउट ऑफ द बॅग'मध्ये मांजर शोधू नका, गुपित फुटलेलं आहे.

चुकीच्या उत्तराला गुण कापतात. मग अंदाज करायचा की नाही?

करायचा. 'निगेटिव्ह मार्किंग आहे, येत नसेल तर सोडून दे' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. सीयूईटीपुरता तो हिशोबात बसत नाही. चार पर्याय आहेत. चार प्रश्नांवर अगदी डोळे मिटून अंदाज केला, तर सरासरीने एक बरोबर येईल, तीन चुकतील. 5 मिळाले, 3 गेले, 2 उरले. दर प्रश्नामागे अर्धा गुण फायदा. एक पर्याय खात्रीने गाळता आला तर सरासरी फायदा 1 गुण, दोन गाळता आले तर 2 गुण.

थोड्या प्रश्नांवर नशीब इकडेतिकडे होऊ शकतं, पण दोन पर्याय गाळलेला प्रश्न कोरा सोडणं म्हणजे हातचे गुण टाकून देणं. हे गणित प्रत्येक परीक्षेचं वेगळं असतं, ते खाली सांगितलं आहे.

60 मिनिटांची वाटणी कशी करू?

प्रश्नामागे सरासरी 72 सेकंद येतात. शब्दार्थ, वाक्प्रचार, जोड्या हे प्रश्न आधी उरका, त्यांना प्रत्येकी अर्ध्या मिनिटाच्या वर देऊ नका. एक तर शब्द येतो किंवा येत नाही. वाचलेला सगळा वेळ उताऱ्यांना द्या, निदान अर्धा तास. शेवटची पाच मिनिटं खूण करून ठेवलेल्या प्रश्नांना. एका प्रश्नावर दोन मिनिटं गेली की खूण करा आणि पुढे व्हा.

संगणकावर पेपर कधी दिलेला नाही. भीती वाटते.

एनटीएच्या संकेतस्थळावर सराव चाचण्या मोफत असतात. घरी संगणक नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये, सायबर कॅफेत, कुठेही बसून दोनतीन पेपर माउसनेच सोडवा. पडद्यावर लांब उतारा सरकवत वाचायची सवय मोबाइलवर होत नाही. पर्याय निवडल्यावर 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबलं तरच उत्तर नोंदलं जातं. उत्तर देऊन 'मार्क फॉर रिव्ह्यू' केलं असेल तर तेही तपासलं जातं.

मी पालक आहे. मुलीला शहरातल्या महागड्या क्लासला पाठवावं लागेल का?

फक्त इंग्रजीसाठी असेल तर माझं उत्तर नाही असं आहे. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची इंग्रजी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ग्रंथालयात इंग्रजी वर्तमानपत्र येतं. रोज अर्धा तास, सहा महिने, एवढं वाचन क्लासपेक्षा जास्त देतं. पण अग्रलेखापासून सुरुवात करायला लावू नका. तो पहिल्याच दिवशी डोक्यावरून जातो आणि मुलं वर्तमानपत्रच मिटून ठेवतात. आधी क्रीडा पान, मग स्थानिक बातम्या, मग पुरवणीतले लेख, अग्रलेख तिसऱ्या महिन्यात. आणि ताई, दादा, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी तुम्ही मदत करू शकता. रात्री जेवताना विचारा, 'आज काय वाचलंस? मराठीत सांग.' जिला सांगता येतं, तिला उतारा कळलेला असतो.

हीच तयारी दुसऱ्या परीक्षांना चालेल का?

वाचनाची चालेल, डावपेच बदला. राज्याच्या सीईटी सेलने 2024 पासून बीबीए, बीसीए, बीएमएससाठी सुरू केलेल्या सीईटीत 100 पैकी 40 प्रश्न इंग्रजीचे आहेत आणि गुण कापत नाहीत, तेव्हा तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका. वकिलीच्या क्लॅटमध्ये 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात. इंग्रजीचे 22 ते 26, सगळे साडेचारशे शब्दांपर्यंतच्या उताऱ्यांवर. सुटे शब्दार्थ किंवा वाक्प्रचार नसतात, म्हणून क्लॅट देणाऱ्याने वाचनाचा वेग आधी वाढवावा. खडकवासल्याच्या एनडीएसाठी इंग्रजीचे 50 प्रश्न 200 गुणांना असतात आणि चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापतात. तिथे डोळे मिटून केलेल्या अंदाजाची सरासरी शून्य येते, म्हणून निदान एक पर्याय गाळता आला तरच हात घाला.

माझ्या पाळीचा पेपर अवघड होता. माझं नुकसान होईल का?

वेगवेगळ्या पाळ्यांतले गुण एका मापावर आणून, म्हणजे सामान्यीकरण करून, निकाल लावतात. मैत्रिणीच्या पेपरशी तुलना करत बसू नका, पुढच्या विषयाकडे वळा.

उत्तरसूचीत चूक आहे असं वाटलं तर?

निकालाआधी एनटीए तात्पुरती उत्तरसूची आणि तुम्ही नोंदवलेली उत्तरं संकेतस्थळावर दाखवते. ठरलेल्या मुदतीत प्रश्नामागे 200 रुपये शुल्क भरून आक्षेप घेता येतो. हे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून नुसत्या वाटण्यावर आक्षेप घेऊ नका. शब्दार्थाचा प्रश्न असेल तर नावाजलेल्या शब्दकोशातल्या नोंदीचं पान जोडा, उताऱ्याचा असेल तर आधाराची ओळ नेमकी उद्धृत करा. मुदत थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे पेपर झाल्यावर संकेतस्थळ रोज बघत राहा, आणि फॉर्म भरताना दिलेला मोबाइल नंबर निकाल लागेपर्यंत बदलू नका.